भुतांची टोपली : गारो टेकड्यांतील घटपर्णी

मातीनें वनस्पतीस पोसावें, वनस्पतीनें पशुपक्ष्यांस व कृमिकीटकांस पोसावें, आणि या सर्वांनीं शेवटीं मातीस मिळावें, असा सृष्टीचा सरळ क्रम आपण सर्वजण गृहीत धरून चालतों. झाड म्हणजे सहिष्णुतेची मूर्ति. कोणीं ओरबाडलें तरी तें निमूट उभें राहतें, म्हणूनच सत्पुरुषांस झाडाची उपमा देण्याची आपल्याकडे रीत आहे. असें असतां एखादी वेल पानाच्या टोंकास घट लटकावून बसते, त्या घटांत मुंग्यामाश्या पाडते आणि त्यांचा रस करून पिते, हें प्रथम ऐकतांना मनास कसेंसेंच होतें. ही वेल घटपर्णी होय. तिच्या दीडशेहून अधिक जाति पृथ्वीवर आहेत. बहुतेक बोर्निओ, सुमात्रा, फिलिपाइन्स या बेटांवर, आणि थोड्या मादागास्कर, सेशेल्स, श्रीलंका व उत्तर ऑस्ट्रेलिया येथें. आपल्या देशांत मात्र तिची एकच जाति रानांत आपोआप उगवते, आणि तिचें मुख्य वसतिस्थान म्हणजे मेघालयाच्या टेकड्या. तिचें दर्शन घ्यावें या हेतूनें आम्ही गेल्या कार्तिकांत गारो टेकड्यांकडे गेलों होतों.

आमच्या वडील वहिनी बरोबर होत्या. त्यांची झाडांची आवड आमच्या आप्तवर्गांत प्रसिद्ध आहे. परसांतील अनंत, मोगरा, जाई यांची निगा त्याच राखतात, आणि कोणाच्याहि घरीं नवें रोप दिसलें कीं त्याची एखादी फांदी मागून आणल्यावांचून त्यांस चैन पडत नाहीं. ही आवड पुढें या प्रवासांत एका लहानशा पेंचास कारण झाली. तें यथावकाश सांगूं.

गुवाहाटीपर्यंत आगगाडी जाते. तेथून मोटारीनें ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरानें पश्चिमेकडे बरेंच अंतर गेल्यावर रस्ता डावीकडे वळून टेकड्या चढूं लागतो. भाताचीं खाचरें मागें पडतात, बांबूचीं बेटें व सुपारीचे बाग सुरू होतात, आणि हवेंत एक प्रकारचा ओलसर गारवा जाणवूं लागतो. तुरा हें या भागांतील मोठें ठाणें. तेथें मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं आम्ही बाघमारा येथें पोंचलों. हें गांव सिमसांग नदीच्या कांठीं वसलेलें आहे. येथून सरहद्द इतकी जवळ कीं ही नदी थोडी पुढें गेली कीं बांगलादेशांत शिरते, आणि तेथें ती सोमेश्वरी या नांवानें ओळखली जाते.

गारो लोकांची समाजरचना आपल्याहून अगदीं निराळी आहे. कुळ आईवरून चालतें व घरची मिळकत मुलीकडे जाते. रानांतील जमीन एका माणसाची नसून कुळाची असते. तिला आकिंग म्हणतात, आणि तिची व्यवस्था पाहणारा जो कुळांतील प्रमुख, तो नोकमा. वारस मुलीचा पति सासुरवाडीस राहावयास येतो. ही हकीकत आम्हांस वनखात्याच्या एका गारो तरुणाकडून कळली. तो आम्हांस वाट दाखविण्यासाठीं बरोबर आला होता व कामापुरतें हिंदी बरें बोलत असे. वहिनींनीं हें सर्व लक्षपूर्वक ऐकलें आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, बाकी कांहीं लिहा न लिहा, हें मात्र तुमच्या लेखांत अवश्य लिहा." त्यांच्या आज्ञेप्रमाणें तें येथें नमूद केलें आहे.

घटपर्णीचें अभयारण्य गांवालगतच्या टेकडीवर आहे. अभयारण्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कोसच्या कोस पसरलेलें रान उभें राहतें. पण १९८४ सालीं स्थापन झालेलें हें अभयारण्य अवघें दोन हेक्टरांचें, म्हणजे पांच एकरांच्या आंतबाहेरचें आहे. येथें वाघ नाहीं, हत्ती नाहीं. एका वेलीसाठीं राखून ठेवलेली ती भूमि आहे. पायाखालीं लालसर, खडीमिश्रित, कस नसलेली माती. तींत खुरटीं झुडपें व गवत. आपल्याकडील एखाद्या शेतकऱ्यास दाखविली तर तो ती माती बोटांत चुरडून टाकून देईल, अशी ती जमीन.

त्या तरुणानें एका झुडपाकडे बोट दाखविलें. प्रथम आम्हांस कांहींच दिसेना. मग हळूहळू हिरव्यांतून हिरवें निराळें होऊं लागलें. भाल्याच्या पात्यासारखीं लांबट पानें. प्रत्येक पानाची मधली शीर टोंकाबाहेर निघून तिचा बारीक तंतु झालेला. तो तंतु खालीं लोंबून पुन्हा वर वळलेला, आणि त्याच्या शेवटीं एक उभा घट. घटाची उंची अर्ध्या वितेपासून वीतभर. रंग पोपटी, कोठें कोठें तांबूस छटा. तोंडाशीं बाहेर वळविलेला चकचकीत कांठ, आणि त्यावर तिरपें धरलेलें झांकण. जमिनीलगतचे घट अंगानें फुगीर असून त्यांच्या दर्शनी बाजूस दोन झालरी होत्या. वेल उंच चढल्यावर आलेले घट निमुळते होते. एखाद्या कुशल तांबटानें घडविलें असावें इतकें तें काम रेखीव होतें. वनस्पतिशास्त्रज्ञांचें म्हणणें असें कीं, आपण ज्यास पान म्हणतों तो पानाच्या बुडाचा पसरलेला भाग आहे, आणि खरें पान म्हणजे तो घटच होय.

गारो भाषेंत या वेलीस 'मेमांग-कोक्सी' म्हणतात. मेमांग म्हणजे भूत व कोक्सी म्हणजे टोपली; भुतांची टोपली, असा त्या नांवाचा अर्थ. बाघमाऱ्याहून फार दूर नसलेलें बालपाक्राम नांवाचें एक पठार आहे. मृतांचे आत्मे कांहीं काळ तेथें वस्ती करतात अशी गारोंची श्रद्धा आहे, आणि त्या पठारावरहि ही वेल उगवते. ज्या भूमींत आत्मे नांदतात तेथें त्यांची टोपलीहि असावी, हें ओघानेंच आलें. शेजारच्या खासी लोकांनीं तिला राक्षसाचें फूल ठरविलें आहे. युरोपांतील पंडितांची कल्पना मात्र उलट धांवली. लिनीयस यानें अठराव्या शतकांत या कुळास 'नेपेंथीस' हें नांव दिलें. होमरच्या काव्यांत हेलन ही मद्यांत मिसळून देते त्या दुःख विसरविणाऱ्या औषधाचें तें नांव आहे. एकास भूत दिसलें, दुसऱ्यास राक्षस, तिसऱ्यास दुःखनाशक रसायन. वेल आपली तीच.

वहिनींनीं घटांत डोकावून विचारलें, "हें पावसाचें पाणी का हो?" हा समज पुष्कळांचा असतो, पण तो खरा नव्हे. तरुणानें अद्याप न उमललेला एक घट दाखविला. त्याचें झांकण पक्कें चिकटलेलें होतें, तरी तो हातास जड लागत होता. कारण घट उघडण्यापूर्वींच वेल आपल्या अंगांतून द्रव पाझरवून त्याचें बूड भरून ठेवते. असा मिटलेल्या घटांतील स्वच्छ द्रव डोळ्यांच्या विकारांवर घालण्याची या भागांत जुनी चाल आहे. झांकणाविषयींहि असाच एक गैरसमज आहे. किडा आंत पडला कीं झांकण फटदिशीं मिटतें, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक एकदां उघडलेलें झांकण पुन्हा कधींच मिटत नाहीं. त्याचें मुख्य काम छत्रीचें. तें नसतें तर मेघालयाच्या पावसानें आंतील द्रव केव्हांच पातळ होऊन वाहून गेला असता.

मग कीटक पडतो तरी कसा? घटास हालचाल करण्याची गरजच पडत नाहीं. सर्व युक्ति त्याच्या घडणींत आहे. कांठाच्या आंतल्या बाजूनें व झांकणाच्या खालून मधासारखा गोड रस पाझरतो, आणि त्याच्या ओढीनें मुंग्या येतात. या आमंत्रणाचा आणखी एक प्रकार अलीकडे उघडकीस आला. केरळांतील पालोड येथें जवाहरलाल नेहरू यांच्या नांवाची वनस्पति-उद्यान व संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, अतिनील किरणांत पाहिलें असतां मेघालयांतील या घटपर्णीचा कांठ निळसर प्रकाशानें झळकतो. आपल्या डोळ्यांस जो कांठ साधा दिसतो, तो अनेक कीटकांच्या दृष्टीस दिवे लावलेल्या दारासारखा दिसत असला पाहिजे.

या कांठाची खरी करामत ओलाव्यांत आहे. त्यावर सूक्ष्म रेघांची दाट नक्षी असते. बोन व फेडर्ले या संशोधकांनीं बोर्निओंतील एका जातीवर प्रयोग करून २००४ सालीं दाखविलें कीं, कांठ कोरडा असतां मुंग्या त्यावर खुशाल फिरतात. पण पावसानें, दंवानें किंवा गोड रसानें तो भिजला कीं त्यावर पाण्याचा अखंड पापुद्रा पसरतो, आणि मुंगीचे पाय टेकत नाहींत. पुढील संशोधनांतून असेंहि निघालें कीं, कांठ कांहीं काळ कोरडा राहणें हें वेलीच्या फायद्याचेंच आहे. कोरड्या वेळीं आलेली मुंगी मध चाखून सुखरूप वारुळांत जाते आणि सख्यांस घेऊन येते. तोंवर कांठ ओला झालेला असला तर सगळी पंगतच आंत कोसळते.

आंत पडलेल्यास वर येणें कठीण. घटाच्या वरच्या भिंतीवर मेणाचे इतके सूक्ष्म कण असतात कीं पाय रोंवावा तर ते कण सुटून पायासच चिकटतात. खालीं द्रव, त्यांत कीटक बुडतो. बुडाच्या भिंतीवर असंख्य बारीक ग्रंथि असतात, आणि त्यांतून पाचक रस स्रवतात. हा द्रव आंबट असतो. आपल्या जठरांत अन्न पचविणारें जें पेप्सिन आहे, त्याच्याच गोत्रांतील 'नेपेंथेसिन' नांवाचा रस यांत असतो. किड्याच्या कठीण कवचावर काम करणारे रस निराळे. कांहीं दिवसांत मऊ भाग विरघळतो, त्यांतील नत्र व इतर क्षार त्याच ग्रंथि शोषून घेतात, आणि तळाशीं पंख, पाय व कवचें यांचा काळा गाळ उरतो. नवल हें कीं, याच द्रवांत डांसांच्या कांहीं जातींच्या अळ्या सुखानें वाढतात. ज्या डोहांत इतर बुडून मरतात, तेथेंच त्यांचें बाळपण सरतें.

हें पचन खरोखरच घडतें, हें प्रथम ठामपणें दाखविण्याचा मान जोसेफ डाल्टन हूकर यांस आहे. हे गृहस्थ १८५० सालीं खासी टेकड्यांत पुष्कळ हिंडले होते, आणि भारतांतील या जातीस 'खासियाना' हें नांवहि १८७३ सालीं त्यांनींच दिलें. १८७४ सालीं बेलफास्ट येथील विद्वत्सभेपुढें त्यांनीं आपले प्रयोग सांगितले. अंड्याच्या उकडलेल्या पांढऱ्या भागाचे चौकोनी तुकडे व मांसाचे तुकडे त्यांनीं घटांत टाकले होते. एका अहोरात्रांत अंड्याच्या तुकड्यांच्या कडा झिजून पृष्ठभाग लिबलिबीत झाल्याचें दिसून आलें. दुसऱ्याच वर्षीं डार्विनचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ बाहेर पडला. गंमत अशी कीं, त्याच १८७४ सालीं न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्रानें मादागास्करांतील एका नरभक्षक झाडाची भयंकर कहाणी छापली होती. ती निखालस बनावट होती. तरी पुढें कित्येक वर्षें लोक ती खरी मानून एकमेकांस सांगत राहिले, आणि हूकरांचे अंड्याचे तुकडे थोड्यांनाच ठाऊक झाले. राक्षसाची गोष्ट लोकांस नेहमींच अधिक रुचते.

आतां मुख्य प्रश्न राहतो. सूर्यप्रकाश व वारा यांपासून स्वतःचें अन्न करणारी ही हिरवी वेल. तिला या आडमार्गाची गरज कां पडावी? याचें उत्तर आम्हांस त्या टेकडीवरील मातीनें दिलें. मेघालयाचा दक्षिण उतार म्हणजे जगांतील अति पावसाचा प्रदेश. त्यांतील मौसिनराम येथें वर्षास सरासरी ११ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वराच्या सुमारें दुप्पट. शतकानुशतकें कोसळणाऱ्या अशा पाण्यानें उघड्या उतारांवरील मातींतला नत्र व इतर क्षार धुऊन नेले आहेत. पाणी अमाप आहे, ऊन आहे, पण पोषण नाहीं. अशा भूमींत बहुतेक झाडें तग धरीत नाहींत, आणि जीं धरतात तीं खुरटतात. घटपर्णीनें मात्र जें मातींत नाहीं तें हवेंत उडणाऱ्या व जमिनीवर सरपटणाऱ्या जिवांकडून मिळविण्याची वाट काढली. तिच्या घटांत दिसते ती क्रूरता नव्हे; दरिद्री घरांतील शहाण्या गृहिणीची ती काटकसर आहे. म्हणूनच तिला सुपीक माती व भरपूर खत दिलें, तर वेल पानांनीं फोंफावते, पण पुष्कळदां घट धरण्याचें सोडते. पोट मुळांवाटे भरूं लागल्यावर खर्चाचें भांडें घडवावें कशाला?

वहिनींचा पेंच येथेंच उद्भवला. एवढा वेळ त्या वेलीकडे टक लावून पाहत होत्या. शेवटीं त्यांनीं त्या तरुणास विचारलेंच, "बाळ, याची एखादी फांदी मिळेल का रे? आमच्या अंगणांत कुंडींत लावीन, मुलांना दाखवीन. जिवापाड जपेन." तरुण संकोचला. मग म्हणाला, "आंटी, पुष्कळ लोक मागतात. तुमच्याकडे पाऊस किती महिने?" वहिनी म्हणाल्या, "चार." "आणि मग?" वहिनींनीं पुण्याचा चैत्रवैशाख डोळ्यांपुढें आणला असावा, त्या कांहीं बोलल्या नाहींत. तो पुढें म्हणाला, "हवा कोरडी झाली कीं आधीं घट वाळतात. आणि नर-मादी वेल निराळी असते, आंटी. एकटी नेलीत तर तिला बी कधींच धरणार नाहीं." त्यानें कायद्याचें नांवहि काढलें नाहीं. वास्तविक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ सालीं वनस्पतींसाठीं जें प्रकरण जोडण्यांत आलें, त्यांतील संरक्षित वनस्पतींच्या मोजक्या यादींत घटपर्णी होती. रानांतून ती उपटून नेणें हा गुन्हा आहे, आणि आंतरराष्ट्रीय करारानेंहि रानांतील या जातीच्या व्यापारास मनाई आहे. पण वहिनींस कायद्याहून ती दुसरी गोष्ट अधिक लागली. उतरतांना त्या म्हणाल्या, "लेकीला चांगलें स्थळ द्यायचें म्हणून तिचें माहेरच तोडायचें, तसें झालें असतें हें." आम्हीं यावर कांहीं भर घालावी असें उरलें नव्हतें.

परंतु फांदी न तोडल्यानें वेल वांचलीच असें नाहीं. तिचें खरें संकट निराळें आहे. जी जमीन भात देत नाहीं, लाकूड देत नाहीं, ती माणसाच्या हिशेबीं पडीक; तींतून रस्ता काढावा, ती जाळून फिरती शेती करावी, तिचें पोट फोडून दगडी कोळसा काढावा, यांत कोणास कांहीं गैर वाटत नाहीं. मेघालयांतील उंदरांच्या बिळांसारख्या अरुंद कोळसाखाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास २०१४ सालीं बंदी घालावी लागली, यावरून त्या भूमीवर काय प्रसंग गुदरला होता तें ध्यानीं यावें. जयंतिया टेकड्यांत जराइन येथील तळ्याच्या परिसरांतहि ही वेल आढळते. तेथेंहि तिची भिस्त त्याच निकस मातीवर आहे. आणि मेघालयांतील बहुतांश रान सरकारच्या मालकीचें नसून कुळांचें व गांवांचें असल्यामुळें, दोन हेक्टरांच्या कुंपणाबाहेर या वेलीचें आयुष्य सर्वस्वीं कुटुंबांच्या हातीं आहे. एकत्र मिळकत सांभाळणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. घरांतील जो जिन्नस विकून कांहीं येत नाहीं आणि वापरांतहि नाहीं, तो जपून ठेवण्यास कर्त्या माणसाजवळ मन मोठें असावें लागतें.

हा विषय दूरच्या टेकड्यांचा म्हणून कोणीं बाजूस सारूं नये. आमच्या सह्याद्रीवरहि हाच नियम चालतो. साताऱ्याजवळील कासचें पठार पश्चिम घाटाचा एक भाग म्हणून २०१२ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें. तेथें जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, आणि त्यावर चार महिने मुसळधार पाऊस. तेव्हां तेथेंहि कीटक धरून पोट भरणाऱ्या वनस्पति आहेतच. लालसर पानांवर चिकट थेंब घेऊन बसणारा दवबिंदू तेथें सांपडतो. आणि 'सीतेचीं आसवें' या करुण नांवानें आपण ओळखतों तीं निळींजांभळीं फुलें ज्या वनस्पतीस येतात, तिच्या अंगीं ओल्या मातींत सूक्ष्म जीव ओढून घेणाऱ्या इवल्याशा पिशव्या असतात. भाद्रपदांत मुलाबाळांसह कासला जाणाऱ्या कुटुंबांनीं फुलांच्या गालिच्याकडे पाहून झाल्यावर क्षणभर खालीं वांकावें, मुलांस हा दवबिंदू दाखवावा, आणि अशी वनस्पति याच खडकावर कां उगवते तें त्यांच्याकडूनच काढून घ्यावें. मात्र पाऊल वाटेवरच ठेवावें. त्या बोटभर मातीखेरीज त्यांना दुसरें घर नाहीं.